गणितप्रेमी विनोबा

वर्धा शहरापासून सुमारे पाच मैलांवर पवनार नावाचे जुने गाव आहे. गावाजवळून धाम नदी वाहते. नदीच्या काठी, खडकाळ उंचवट्यावर एक आश्रम आहे. आचार्य विनोबा भावे यांनी आपल्या आयुष्याचा मोठा काळ येथे घालविला आणि येथेच देह ठेविला. विनोबांचे नाव घेताच भूदानासाठी गावोगाव पायी फिरणारी त्यांची कृश मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. गीता सोप्या मराठीत आणणारे गीताईकार म्हणूनही ते घरोघरी माहीत आहेत. परंतु या संतपुरुषाला आणखी एका विषयाचे विलक्षण प्रेम होते. तो विषय म्हणजे गणित. अध्यात्माच्या खालोखाल आपल्याला गणित प्रिय आहे, असे ते सांगत. हे प्रेम त्यांनी वहीच्या पानांत कोंडून ठेविले नाही. वर्ध्याच्या परिसरात राहून त्यांनी ते टकळीशी जोडले, खेड्यातील मुलाशी जोडले आणि त्या मुलाला शिकविणाऱ्या शिक्षकाशीही जोडले.

विनोबांचे मूळ नाव विनायक. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. हा जिल्हा आता रायगड या नावाने ओळखला जातो. विनायकाचे आजोबा शंभुराव मोठे व्रतस्थ पुरुष होते. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास राहत. ते शास्त्रीय दृष्टीचे होते आणि प्रत्येक गोष्ट मोजून, मापून, पारखून घेण्याची त्यांना सवय होती. आई रुक्मिणीबाई फारशी शिकलेली नव्हती. पण तिच्या ओठांवर सदैव संतांचे अभंग असत. वडिलांची मोजणी आणि आईची भक्ती या दोन्ही गोष्टी विनायकाच्या मनात लहानपणापासूनच शेजारी शेजारी नांदू लागल्या.

एकदा आईने देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचा संकल्प केला. रोज ती मूठभर तांदूळ घेऊन बसे आणि एकेक दाणा मोजून देवापुढे ठेवी. नरहररावांनी हे पाहिले. त्यांनी तिला सोपी युक्ती सुचविली. थोडे तांदूळ तराजूत तोलावेत, त्यांतील दाणे मोजावेत, आणि त्यावरून लाख दाण्यांचे वजन काढावे. थोडे अधिक घातले म्हणजे उणेपणाचीही भीती नाही. त्रैराशिकाने काही क्षणांत सुटणारे उदाहरण होते ते! आईला काय उत्तर द्यावे ते सुचेना. संध्याकाळी तिने विनायकाला विचारले. गणितात रमणारा हा मुलगा वडिलांची बाजू घेईल, असे कोणालाही वाटले असते. पण विनायकाने आईला सांगितले, की हे लाख दाणे म्हणजे काही हिशेबाचे उदाहरण नव्हे. एकेक दाणा ठेवताना एकेकदा देवाचे स्मरण होते. म्हणून ते मोजूनच वाहिले पाहिजेत. आईला फार समाधान वाटले.

या लहानशा प्रसंगात विनोबांच्या पुढील आयुष्याचे बीज दिसते. तोलून काढलेला लाख आणि मोजून काढलेला लाख हे दोन्ही लाखच. पण पहिला बुद्धीने झटकन काढता येतो आणि दुसऱ्यासाठी हात व मन दोन्ही राबवावी लागतात. कोठे कोणता लाख हवा, हे ज्याला कळले त्याला गणित खऱ्या अर्थाने कळले.

बडोद्याच्या शाळेत विनायक गणितात हुशार म्हणून ओळखला जाई. वाचनाची त्याला अतोनात आवड होती. मित्रांना बरोबर घेऊन तो मैलोगणती भटके आणि वाटेने चर्चा करी. मात्र परीक्षा, पदवी आणि नोकरी या वाटेत त्याचे मन रमले नाही. एके दिवशी त्याने आपली प्रमाणपत्रे चुलीत टाकली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईस निघाला. पण सुरतेस गाडीतून उतरला आणि घरी पत्र धाडून काशीच्या वाटेला लागला. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्याची आणि महात्मा गांधींची भेट झाली. आश्रमात त्याला विनोबा हे नाव मिळाले आणि तेच पुढे सर्वत्र रूढ झाले.

पुढच्या वर्षी विनोबांनी गांधीजींकडून एका वर्षाची रजा घेतली. प्रकृती सुधारावी आणि संस्कृत ग्रंथांचा अभ्यास व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. वाई येथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ त्यांनी अभ्यास केला. पायी सुमारे चारशे मैलांचा प्रवास करून किल्ले आणि गावे पाहिली. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी दळण दळले आणि त्या मजुरीतून वाचनालय चालविले. वर्षभरात काय वाचले, किती चाललो, काय शिकविले, कोणती व्रते पाळली, याचा सारा हिशेब त्यांनी पत्राने गांधीजींना कळविला. ठरलेले वर्ष संपताच ते आश्रमात परत हजर झाले. स्वतःच्या दिवसांचा असा चोख जमाखर्च ठेवणे हा त्यांच्या स्वभावाचाच भाग होता.

वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांची इच्छा होती, की साबरमतीसारखा एक आश्रम वर्ध्यातही असावा. गांधीजींनी या कामासाठी विनोबांना पाठविले. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा थोड्या सहकाऱ्यांसह वर्ध्यास आले, आणि तेव्हापासून वर्धा जिल्हा ही त्यांची कर्मभूमी झाली. आश्रमात मुले शिकत. त्यांत जमनालालजींची मुलेही होती. दळणे, पाणी भरणे, संडाससफाई करणे आणि सूत कातणे या साऱ्या कामांबरोबरच अभ्यास चाले. शिकविणारा आणि शिकणारा यांनी एकाच चटईवर बसून एकच काम करावे, असा विनोबांचा परिपाठ होता. वेतन घेऊन तासापुरते शिकविणे आणि उरलेल्या वेळात वेगळे जगणे ही कल्पना त्यांना मानवत नसे.

१९३२ च्या अखेरीस विनोबा वर्ध्यालगतच्या नालवाडी या वस्तीत राहावयास गेले. ही वस्ती मुख्यतः हरिजन बांधवांची होती. येथे विनोबांनी स्वतःवर एक कठोर प्रयोग केला. खेड्यातील कातणारी बाई दिवसभर सूत कातते आणि तिला चार पैसे मिळतात. त्या मजुरीत माणूस जगू शकतो काय? हा प्रश्न अनेकांनी कागदावर सोडविला होता. विनोबांनी तो टकळीवर सोडविण्याचे ठरविले. रोज तासन्‌तास ते कातीत आणि त्या मजुरीतच आपले अन्न भागविण्याचा प्रयत्न करीत. एका हाताला थकवा येऊ नये म्हणून त्यांनी उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही हातांनी कातण्याचा सराव केला. किती वेळात किती तार निघाले, किती सूत तुटले, किती कापूस वाया गेला, याची नोंद ते काटेकोर ठेवीत.

उत्तर समाधानकारक नव्हते. मजुरी अपुरी होती. अशी उणी बाजू दाखविणारा हिशेबही विनोबांनी लपविला नाही. गांधीजींनाही या प्रश्नाने अस्वस्थ केले होते. आठ तास काम करणाऱ्याला आठ आणे तरी मिळावेत, असे त्यांचे मत होते. १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढविण्याचे धोरण स्वीकारले. गणितातील उत्तर खरे असेल तर ते कितीही कडू असो, ते मान्य करावेच लागते. विनोबांना गणित प्रिय होते त्याचे एक कारण हेच असावे. तेथे कोणाचा मुलाहिजा चालत नाही.

१९३७ साली देशातील अनेक प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे अधिकारावर आली. मुलांना कोणते शिक्षण द्यावे, हा प्रश्न पुढे आला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना मातृभाषेतून, मोफत आणि सक्तीचे शिक्षण मिळावे, आणि ते एखाद्या उपयुक्त हस्तोद्योगाच्या आधारे द्यावे, असा विचार तेथे मांडला गेला. या विचाराला अभ्यासक्रमाचे रूप देण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम् यांच्याबरोबर विनोबाही या समितीचे सभासद होते. समितीने डिसेंबर १९३७ मध्ये आपला अहवाल दिला. हीच योजना पुढे वर्धा शिक्षण योजना आणि नई तालीम या नावांनी प्रसिद्ध झाली.

अहवालात शाळेचा दिवस साडेपाच तासांचा ठरविला होता. त्यांपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगासाठी होती. संगीत, चित्रकला आणि अंकगणित यांना मिळून फक्त चाळीस मिनिटे दिलेली होती. हे आकडे पाहून पुष्कळांना धक्का बसला. एवढ्या थोड्या वेळात मुले गणित शिकणार कशी? शाळेत सूतच कातावयाचे, तर शाळा आणि कारखाना यांत फरक काय? गरिबांची मुले मजूरच राहावीत, असा तर याचा अर्थ नव्हे? या शंका खोट्या नव्हत्या. त्यांचे खरे उत्तर अहवालात लिहून मिळण्यासारखे नव्हते. ते वर्गात, शिक्षकाच्या हातून मिळावयाचे होते. शिक्षक जाणता असेल तर तीन तास वीस मिनिटांच्या उद्योगात गणित जागोजागी भेटेल. शिक्षक अजाण असेल तर मात्र मुले नुसतीच टकळी फिरवीत बसतील. म्हणजे साऱ्या योजनेचा भार शिक्षकावर होता.

म्हणून शिक्षक तयार करण्याच्या कामाला प्रथम हात घालण्यात आला. समितीने शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम आणि एक वर्षाचा लहान अभ्यासक्रम आखला होता. एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्यास विद्यामंदिर प्रशिक्षण शाळा सुरू झाली. त्याच वर्षी हिंदुस्तानी तालिमी संघ स्थापन होऊन सेगावी त्याचे काम सुरू झाले. हेच सेगाव पुढे सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. आर्यनायकम् आणि त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी या कामाला स्वतःला वाहून घेतले. विनोबा त्या वेळी जवळच पवनारला राहावयास आले होते. त्यांची प्रकृती फार क्षीण झाली होती. ते रोज थोडा वेळ कुदळीने जमीन खणीत आणि हा वेळ हळूहळू, बेताबेताने वाढवीत. असे करता करता त्यांचे शरीर पुन्हा सावरले. त्यांनी कातण्याच्या मूलोद्योगावर पुस्तक लिहिले आणि शिक्षकांना या कामातील बारकावे समजावून दिले. नालवाडीच्या प्रयोगात त्यांनी स्वतःच्या बोटांनी जे शिकून घेतले होते, ते आता शिक्षकांच्या उपयोगी पडले.

टकळीतून गणित कसे निघते, हे समजण्यास थोडे सूत मोजून पाहावे. त्या काळी सूत गुंडाळण्याच्या फाळक्याचा एक वेढा चार फुटांचा असे. या चार फुटांना एक तार म्हणत. अशा ६४० तारांची एक गुंडी होई. एखाद्या मुलाने तासाला १६० तार कातले तर गुंडी पुरी होण्यास चार तास लागतील. ती गुंडी उलगडून सरळ पसरली तर २,५६० फूट, म्हणजे अर्ध्या मैलाला थोडीच कमी भरेल. येथे गुणाकार आला, भागाकार आला, लांबीची कोष्टके आली. कापसातून सरकी काढली, की वजनाने साधारण एक तृतीयांश रुई उरते. येथे अपूर्णांक आले. पिंजताना आणि कातताना किती रुई वाया गेली, हे काढताना शेकडेवारी आली. सुताची मजुरी ठरविताना त्रैराशिक आले. कापूस विकत घेऊन सूत विकले, म्हणजे नफातोटा आला आणि जमाखर्चाची वही आली.

याहूनही खोल गणित सुतात आहे. एका पौंडात जितक्या गुंड्या भरतात तितका त्या सुताचा अंक असतो. सोळा अंकाच्या सुताच्या सोळा गुंड्या एका पौंडात भरतात. म्हणजे अशी एक गुंडी वजनाला एक औंस होते. बत्तीस अंकाचे सूत अधिक बारीक असते. त्याची गुंडी अर्ध्याच औंसाची होते. अंक दुप्पट झाला की गुंडीचे वजन निम्मे होते, चौपट झाला की पाव होते. एक राशी बदलली की दुसरी राशी ठराविक नियमाने बदलते. उच्च गणितात अशा नात्याला फलन म्हणतात. मोठ्या विद्यार्थ्यांना जे नाते चिन्हांच्या रूपाने भेटते, ते लहान मुलाला तराजू आणि सूत यांतून प्रत्यक्ष हाताला लागते.

समजा, एका मुलाने पहिल्या आठवड्यात तासाला ४० तार कातले, दुसऱ्या आठवड्यात ७०, तिसऱ्या आठवड्यात ९० आणि चौथ्या आठवड्यात १००. त्याचा वेग वाढतो आहे, यात शंका नाही. पण वाढ कशी होते ती पाहावी. ती आधी ३०, मग २० आणि मग १० तारांची आहे. म्हणजे वेग वाढत असला तरी वाढ मंदावत चालली आहे. हेच आकडे आलेखावर मांडले तर रेषा आधी चढी दिसेल आणि पुढे सपाटीकडे झुकेल. बदल किती झाला, एवढेच न पाहता तो कोणत्या वेगाने झाला, हे मोजणारी गणिताची शाखा म्हणजे कलन. महाविद्यालयातील या विषयाचे बीज सुताच्या नोंदवहीत असे दडलेले असते. शिक्षकाच्या डोळ्यांना ते दिसले पाहिजे, म्हणजे योग्य वेळी तो ते मुलांना दाखवू शकेल.

उद्योग आणि ज्ञान यांच्या या नात्यासाठी विनोबांनी समवाय हा जुना शास्त्रीय शब्द योजिला. माती आणि घट, तंतू आणि वस्त्र यांचा संबंध समवायाचा असतो. घटातून माती वेगळी काढता येत नाही. वस्त्रातून तंतू काढून घेतले तर वस्त्रच उरत नाही. काम आणि ज्ञान यांचे नाते असेच असले पाहिजे, असे ते शिक्षकांना समजावून देत. कातण्याच्या तासाला ओढूनताणून एखादे उदाहरण चिकटविणे म्हणजे समवाय नव्हे. काम करता करता मुलाच्या मनात प्रश्न उभा राहावा, त्या प्रश्नाचे उत्तर गणिताने द्यावे आणि त्या उत्तराने पुन्हा काम सुधारावे, हा खरा समवाय. तो साधावयाचा तर शिक्षकाला आधी स्वतः उत्तम कातता आले पाहिजे आणि गणितही उत्तम आले पाहिजे. यांपैकी एकच गोष्ट येऊन भागत नाही.

पुढे स्वातंत्र्याची चळवळ तीव्र झाली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथून वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ झाला, तेव्हा गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांनाच निवडले. त्यानंतर त्यांना वारंवार तुरुंगवास घडला. तुरुंगातही त्यांचे अध्ययन व अध्यापन चालू असे. त्यापूर्वी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली होती.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. राज्य बदलताच जुना ध्वज उतरला, त्याप्रमाणे जुने शिक्षणही त्याच दिवशी बदलावयास हवे, असे विनोबांचे ठाम मत होते. अनेक राज्यांत मूलोद्योग शाळा निघाल्या आणि हजारो मुलांच्या हाती टकळ्या आल्या. परंतु शिक्षकांच्या तयारीकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके सर्वत्र दिले गेले नाही. पुष्कळ शाळांत कातण्याचा तास वेगळा आणि गणिताचा तास वेगळा राहिला. टकळी फिरली, पण तिच्यातील गणित मुलांना दिसले नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने मूलोद्योगाच्या जागी कार्यानुभवाची कल्पना मांडली आणि जुनी योजना हळूहळू मागे पडली. शंका घेणाऱ्यांनी जी भीती व्यक्त केली होती ती अशा ठिकाणी खरी ठरली, आणि सारा भार शिक्षकावर आहे, हे वर्ध्याला आरंभीच कळले होते तेही खरे ठरले. तरी तो विचार अगदी लोपला नाही. सेवाग्रामच्या परिसरात २००५ साली आनंद निकेतन ही शाळा नई तालीमच्या विचाराने पुन्हा सुरू झाली.

विनोबांनी आपले गणित शाळेबाहेरही वापरले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली या गावी भूमिहीन हरिजनांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी गावकऱ्यांपुढे तो प्रश्न ठेविला, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली. येथून भूदानयज्ञाला आरंभ झाला. विनोबांनी साऱ्या देशाचा हिशेब मांडला. देशात लागवडीची जमीन सुमारे तीस कोटी एकर आहे. तिचा सहावा हिस्सा, म्हणजे पाच कोटी एकर मिळाली तर भूमिहीनांचा प्रश्न सुटेल. ज्या घरी पाच मुलगे असतील त्याने आपल्याला सहावा मुलगा समजून वाटा द्यावा, अशी त्यांची मागणी असे. अवघड आकडा त्यांनी असा प्रत्येक घराच्या अंगणात आणून सोपा केला. सुमारे तेरा वर्षे ते पायी चालत राहिले. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन लोकांनी दिली. पाच कोटींचे उद्दिष्ट मात्र दूरच राहिले आणि मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी वाटपाविना पडून राहिली. तरीही कायद्याचा वा शस्त्राचा धाक न दाखविता, केवळ पायी हिंडून आणि मागून एवढी जमीन मिळविणारा दुसरा माणूस जगाने पाहिला नव्हता.

१९६४ साली विनोबा पवनारला परत आले. पुढे १९६८ साली बिहारमधील कहलगाव येथे त्यांनी आचार्यकुल या शिक्षकांच्या संघटनेची स्थापना केली. शिक्षकाने कोणाचे मिंधे असू नये, सत्तेच्या राजकारणापासून दूर राहावे आणि निर्भयपणे खरे तेच सांगावे, अशी त्यांची अपेक्षा होती. शिक्षकाविषयीची ही अपेक्षा त्यांनी पूर्वीही कधी सोडली नव्हती. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी अन्नपाण्याचा त्याग करून त्यांनी पवनार येथे शांतपणे देह ठेविला. त्यांच्या मृत्यूनंतर १९८३ साली त्यांना भारतरत्न हा किताब अर्पण करण्यात आला.

विनोबांनी गणितावर मोठे शोधनिबंध लिहिले नाहीत की नवे सिद्धान्त मांडले नाहीत. त्यांनी गणित जगून दाखविले. मजुरीचे उदाहरण दुसऱ्याला घालण्यापूर्वी त्यांनी ते स्वतःच्या जेवणाच्या ताटात सोडवून पाहिले. जो शिक्षक स्वतः मोजतो, स्वतः चुकतो आणि चूक कबूल करून पुन्हा मोजतो, त्याच्याजवळ बसलेल्या मुलाला गणिताचे भय वाटत नाही. बडोद्याच्या त्या घरात आईने एकेक दाणा मोजून देवापुढे ठेविला होता. तिच्या मुलाने पुढे वर्ध्याच्या मातीत बसून एकेक तार मोजला. दाणा असो वा तार, मोजणारा मन लावून मोजीत असेल तर ती मोजणीच त्याला सत्याजवळ नेते, हे त्या मायलेकांनी आपापल्या परीने दाखवून दिले.